लेडीज डब्यात सगळ्यांना सॉरी म्हणणाऱ्या आईस

ताई, नमस्कार.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. बोलतो, पण दोन-तीन शब्दांत. दर शनिवारी सकाळी त्याला थेरपीसाठी डोंबिवलीहून दादरला नेते. मागच्या महिन्यात लेडीज डब्यात फार वाईट झालं. ठाण्यापासूनच तो शर्टाची कॉलर चावत होता. मुलुंडला गर्दी चढली, कुणीतरी मोबाइलवर मोठ्या आवाजात सिरियल लावली होती, शेजारून फास्ट गाडी भोंगा देत गेली आणि भांडुपच्या पुढे त्याचा मेल्टडाउन सुरू झाला. खाली बसून किंचाळत होता, सीटच्या कडेवर डोकं आपटत होता. एक बाई म्हणाल्या, "दोन ठेवून द्या, सरळ होईल." एक आजी म्हणाल्या, "नजर लागलीये, मीठ-मोहरी ओवाळून टाका." कुणी म्हणालं, "लाडावून ठेवलंय." एक मुलगी व्हिडिओ काढत होती. मी सगळ्यांना सॉरी सॉरी म्हणत राहिले. दिव्यांग डब्यात चढायचा धीर होत नाही, पोरगा धडधाकट दिसतो ना, लोक विचारतात. मिस्टर म्हणतात, उगाच चारचौघांत शोभा कशाला, घरूनच ऑनलाइन थेरपी करू. लोकांना काय उत्तर द्यायचं, तेवढं सांगा.

ता. क. तो व्हिडिओ कुठे सापडला तर बघू का?

– एक आई, डोंबिवली

प्रिय ताई,

पत्रात तुम्ही मुलाचं नाव लिहिलंय. इथे मी त्याला चिकू म्हणते.

डब्यात कोण काय बोललं ते तुम्हाला शब्दन् शब्द आठवतंय. चिकूला मात्र त्या सगळ्या प्रकारात दीडच ओळ मिळालीये. टोचून बोलत नाहीये मी. चाळीस बायका एका आईकडे बघत असल्या की तिचे कान आपोआप त्यांच्याकडे लागतात. पण तुमच्या पत्राचं खरं उत्तर मला तिथेच दिसतं. त्या दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही डब्यातल्या एकाच माणसाला बांधील आहात आणि तो खाली फरशीवर बसलाय. बाकीच्यांना उत्तर द्यायचं की नाही, ते नंतर आणि तुमच्या सोयीने.

तुम्हाला मेल्टडाउन म्हणजे काय ते ठाऊक आहे, पण सासरी-माहेरी समजावताना उपयोग होईल म्हणून लिहिते. हट्टाला प्रेक्षक लागतात. मूल मधूनच डोळा उघडून आई बघतेय का ते पाहतं, आणि चॉकलेट हातात पडलं की थांबतं. मेल्टडाउनला प्रेक्षक नकोच असतात. आवाज, उजेड, घामाचा वास, अंगाला लागणारी अंगं हे सगळं एकदम अंगावर येतं आणि मेंदूला ते पेलवत नाही. अशा वेळी बोललेलं डोक्यात शिरणंही कमी होतं. म्हणून "शांत हो बघू, बघ सगळे बघतायत, गप्प बस, दादर येईलच आता" ही आपली माळ त्याच्यासाठी आणखी एक गोंगाट ठरते. एकच छोटं वाक्य ठरवा आणि तेच म्हणा, हळू आवाजात, मध्ये मध्ये. "आई इथे आहे" पुरे.

डोकं आपटत असेल तर हाताने डोकं धरून ठेवू नका, तो आणखी जोर लावेल. ओढणीची घडी किंवा मऊ पिशवी डोकं आणि सीटची कड यांच्यामध्ये सरकवा. तुम्ही स्वतः खाली बसा, पाठ गर्दीकडे करून. यात दोन फायदे आहेत: त्याला डब्यातली निम्मी माणसं दिसत नाहीत आणि तुम्हालाही दिसत नाहीत. काही मुलांना घट्ट मिठीने बरं वाटतं, काहींना त्या वेळी हात लावलेलाही सहन होत नाही. चिकूचं काय ते तुम्हालाच माहीत. हेडफोन त्याने आधी घरी, मजेत असताना घालून बघितलेले असतील तरच तिथे घालेल. ऐन वेळी डोक्यावर चढवायला गेलात तर खिडकीबाहेर जातील. डोकं जोरात आपटलं असेल आणि नंतर उलटी झाली किंवा तो नेहमीपेक्षा वेगळा, सुस्त वाटला, तर थेरपी राहू द्या, डॉक्टर गाठा. आणि असे प्रसंग अलीकडे अचानक वाढले असतील तर कान, दात, पोट एकदा तपासून घ्या. ज्याला दुखतंय ते सांगता येत नाही, त्याचा संयम लवकर संपतो.

आता त्या कॉलरबद्दल. पत्रात तुम्ही ते वाक्य ओझरतं लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. ठाण्यापासून कॉलर चावत होता म्हणजे भांडुपपर्यंत तुमच्या हातात चांगला वेळ होता. प्रत्येक मुलाची अशी एक खूण असते: कुणी गुणगुणतं, कुणी बोटं मोडतं, कुणी तेच ते वाक्य पुन्हा पुन्हा विचारतं. ती दिसली की थेरपीला उशीर होईल याचा विचार न करता, वादळ यायच्या आधी उतरायचं. स्लो गाडीत असाल तर कुठे उतरायचं हेही ठरवून ठेवा. नाहूरला उतरणं वेगळं आणि घाटकोपरला उतरणं वेगळं. मेट्रोची गर्दी तुम्हाला मी सांगायला नको. पुढे गेलात तर विद्याविहार बरं, कुर्ला नको. प्लॅटफॉर्मच्या टोकाला, जिथे लोक नसतात, तिथल्या बाकावर बसा आणि दोन-तीन गाड्या सोडा. मेल्टडाउन सुरू झाल्यावर मात्र उतरायची घाई करू नका. दारातली ढकलाढकली आणि प्लॅटफॉर्मची फट, यात निसटून पळणारं मूल म्हणजे डब्यातल्या टोमण्यांपेक्षा कितीतरी मोठा धोका.

थेरपिस्टना दुपारची वेळ मागून बघा. सकाळच्या गर्दीत मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत धडधाकट माणसाचंही डोकं फिरतं. थेरपीला पोचेपर्यंत मूल दमलेलं असेल तर त्या तासाचा उपयोग तरी काय?

बरं, लोक.

सगळ्यात आधी सॉरी बंद करा. आपल्याकडे आई सॉरी म्हणाली की आजूबाजूच्यांना वाटतं, काहीतरी चुकलंय हे हिलाही मान्य आहे, मग काय चुकलं ते सांगायला प्रत्येक जण मोकळा. तुम्ही सॉरी म्हणत होतात म्हणूनच "लाडावून ठेवलंय" म्हणायला बळ आलं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी काम सांगा. आपली गर्दी चोंबडी आहे खरी, पण ती रिकामी असते म्हणून बोलते. जी बाई सगळ्यात मोठ्याने सल्ला देतेय तिच्याकडेच बघून म्हणा, "ताई, जरा इथे उभ्या राहता का, कुणाला जवळ येऊ देऊ नका." किंवा, "तो मोबाइल बंद करायला सांगा ना कुणीतरी, त्याला आवाजाचा त्रास होतोय." दोन ठेवून द्या म्हणणारी तीच बाई पुढच्या मिनिटाला "ए, सरका ना, पोराला हवा येऊ दे" म्हणून डबा गाजवते. दर वेळी नाही घडत हे, पण घडतं बऱ्याचदा.

लोकलमध्ये मराठीवर भागत नाही म्हणून हिंदी वाक्यही तयार ठेवा: "बच्चा ऑटिस्टिक है, आवाज़ से तकलीफ़ हो रही है, दो मिनट जगह दीजिए." कारण, त्रास आणि काम एवढंच. त्यापुढे एक शब्द बोलायचा नाही. डिलिव्हरी कशी झाली, घरात आणखी कुणाला आहे का, बरा होईल का, हे प्रश्न येणारच. "आत्ता नाही बोलता येणार" एवढं म्हणून पाठ फिरवणं हा उद्धटपणा नाही.

तोंडातून शब्द फुटणार नाहीत असे दिवसही असतात. त्यासाठी पोस्टकार्डाएवढा कागद लॅमिनेट करून पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी: "माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. त्याला आवाजाचा आणि गर्दीचा त्रास होतोय. थोड्या वेळाने शांत होईल. कृपया थोडी जागा द्या, त्याला हात लावू नका, व्हिडिओ काढू नका." मोठ्या अक्षरात. पहिल्या बाईच्या हातात द्या, ती वाचून पुढे सरकवते. डब्यात कागद फिरवायची सवय आपल्याला जाहिरातवाल्यांनी आणि मदत मागणाऱ्यांनी लावलेलीच आहे.

नजर काढायला सांगणाऱ्या आजींशी वाद घालू नका. "हो आजी, काढते" म्हणा आणि विषय संपवा. त्यांच्या डोक्यात कुठल्याही दुखऱ्या लेकराला तेच औषध आहे, आणि चाळीस बायकांमध्ये कदाचित त्या एकट्याच चिकूकडे माया म्हणून बघत असतील. विज्ञान शिकवायची ती जागा नाही. "मारा" म्हणणाऱ्यांना मात्र सोडू नका. "मारून थांबत नाही, वाढतं" असं स्पष्ट, चढ्या आवाजात नव्हे पण डब्याला ऐकू जाईल असं म्हणा. कारण ते वाक्य चिकूही ऐकतोय. तो दोन-तीन शब्दांत बोलतो म्हणून दोन-तीन शब्दच समजतात असं नाही. हेच घरीही लागू आहे. संध्याकाळी फोनवर बहिणीला, चहावर सासूबाईंना आणि रात्री मिस्टरांना त्याच्यासमोर तो प्रसंग सांगितलात तर एकाच दिवसात तो चार वेळा त्या डब्यात जाऊन आला. त्याला झोपवा, मग बोला.

लहान मुलांनी विचारलं, "याला काय झालं?", तर त्यांच्या आया त्यांना दामटून गप्प करायच्या आत उत्तर द्या. "त्याच्या कानांना आवाज फार मोठा ऐकू येतो, म्हणून घाबरलाय." पोरांना हे एका दमात पटतं. मोठ्यांनाही शेजारून ऐकू जातं, ते वेगळं.

व्हिडिओ काढणारीला विनंती नको. "मोबाइल खाली ठेवा, लहान मुलाचा व्हिडिओ आहे हा." तुम्ही खाली बसलेल्या असाल तर बाजूच्या बाईला सांगा, ती म्हणेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात स्वमग्नता हे २१ दिव्यांगत्वांपैकी एक आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत, मानहानी करण्याच्या हेतूने जाणूनबुजून अपमान केला किंवा तिला धमकावलं तर ६ महिने ते ५ वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. पण डब्यात कलम सुनावत बसू नका. तिथे त्याचा उपयोग भांडण पेटवण्यापलीकडे होत नाही. कुणी हात उगारला किंवा फार अंगावर आलं तर रेल्वेचा १३९ नंबर फोनमध्ये सेव्ह असू द्या.

दिव्यांग डब्याचं म्हणाल तर लाज तुम्ही का बाळगायची? यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलेलं असेल तर ते पर्सच्या तळाशी ठेवण्याऐवजी त्याच्या किंवा तुमच्या गळ्यात अडकवा. नसेल काढलं तर काढा, अर्ज ऑनलाइन होतो, तपासणीला सरकारी रुग्णालयात जावं लागतं. धडधाकट दिसतो म्हणणाऱ्याला फक्त कार्ड दाखवायचं. ज्या दिव्यांगत्वाला काठी नाही, कुबडी नाही, ते लोकांना पटायला वेळ लागतो. पण तो वेळ त्यांचा जाऊ दे, तुमचा नको.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढे आहे. अनोळखी माणसं दोन जातीची असतात. एक, जी पुन्हा आयुष्यात दिसणार नाहीत. त्यांच्यावर ताकद खर्च करू नका, त्यांचं मत त्यांच्या स्टेशनला त्यांच्याबरोबर उतरतं. दुसरी, जी अनोळखी आहेत पण रोजची आहेत. सोसायटीचा वॉचमन, नाक्यावरचा रिक्षावाला, वाणी, लिफ्टमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. ताकद खर्च करायची ती इथे, आणि तीही शांत दिवशी. मेल्टडाउन चालू असताना कुणालाच काही शिकवता येत नाही. चिकू खुशीत असताना वाण्याला सांगून ठेवा, "भाऊ, हा कधी इथे ओरडला तर घाबरू नका, गिऱ्हाइकांना जरा बाजूला घ्या." गणपतीत ढोल-ताशाची मिरवणूक सोसायटीसमोरून किती वाजता जाणार ते मंडळाच्या पोरांना आधीच विचारा, पोरं सांगतात, उलट त्यांना बरं वाटतं कुणी विचारलं की.

लोकलमध्येही हेच करता येतं. ज्या शहरात बायका दसऱ्याला डबा सजवतात, डब्यातच हळदीकुंकू करतात, डोहाळजेवणं करतात, तिथे रोजच्या गाडीचा ग्रुप ही काय चीज आहे ते तुम्हाला माहीत आहे. शनिवारची एकच गाडी धरा, तोच डबा, तेच दार. चिकूलाही ते बरं, ठरलेलं असलं की त्याचा जीव स्थिर राहतो. दोन-तीन नेहमीच्या चेहऱ्यांशी ओळख करा, त्यांना एकदाच नीट सांगा. पुढच्या वेळी तुम्हाला तोंड उघडावं लागणार नाही. आतल्या बाईने बाहेरच्या बाईला गप्प केलेलं जास्त लागू पडतं, हा लेडीज डब्याचा अलिखित नियम आहे.

आणि लोक नेहमी विरुद्धच असतात असंही नाही. मे २०२२मध्ये रांची विमानतळावर एका विशेष मुलाला, तो अस्वस्थ झाला म्हणून, विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी विमानात चढू दिलं नाही. तेव्हा कुटुंबाच्या बाजूने भांडले ते सहप्रवासी. त्यांच्यात डॉक्टर होते, वाटेत गरज पडली तर आम्ही बघू असं त्यांनी सांगितलं. कर्मचाऱ्यांनी ऐकलं नाही. पण एका सहप्रवासी बाईंनी तो प्रकार लिहून सगळ्यांसमोर आणला, डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, चौकशी करून कंपनीला ५ लाखांचा दंड केला आणि जुलैमध्ये नियमच बदलला. आता दिव्यांग प्रवाशाला प्रकृतीच्या कारणावरून नाकारायचं असेल तर विमान कंपनीने मनाने ठरवायचं नाही, आधी विमानतळावर डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं. सहप्रवासी गप्प राहिले असते तर त्या घराची तक्रार कुणी वाचली असती का, मला शंका आहे. तुमच्या डब्यातही अशी एखादी असेलच. ती बोलली नाही, कारण काय बोलावं ते तिला सुचलं नाही. तिला काम सांगायचं म्हणते ते यासाठीच.

तुमच्या मिस्टरांसाठी दोन शब्द, त्यांना वाचायला द्या. दादा, शोभा होते ती बायकोची, तुमची होत नाही. एक शनिवार चिकूला तुम्ही घेऊन जा. बाप पोराला सांभाळताना दिसला की लोक म्हणतात "वा, किती करतात". आईला तेच लोक "वळण नाही लावलं" म्हणतात. ऑनलाइन थेरपी अडीअडचणीला ठीक आहे, पण उद्या त्याला बस, बँक, दवाखाना, लग्नकार्य यांतून वावरायचंय, ते स्क्रीनवर शिकता येत नाही. मात्र जाताना एक काळजी घ्या. किंचाळणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या मुलाला उचलून भराभर चालणारा एकटा पुरुष बघून गर्दीच्या डोक्यात भलतंच येऊ शकतं. २०१८च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला, हे विसरू नका. चिकूच्या कार्डाची प्रत तुमच्या खिशात आणि तिघांचा एकत्र फोटो फोनच्या स्क्रीनवरच असू द्या. कुणी अडवलं तर चिडू नका, दाखवा. इथे लोकांनी विचारणं मला गैर वाटत नाही. एखाद्या खऱ्या पळवलेल्या पोराला तेवढ्याने कुणीतरी वाचवेल.

ताई, तुमच्या ता. क.चं उत्तर. बघू नका, आणि शोधतही बसू नका. बहिणीला किंवा भरवशाच्या मैत्रिणीला शोधायला सांगा. सापडला तर तिने लिंक, स्क्रीनशॉट आणि तारीख जपून ठेवावी, लहान मुलाचा व्हिडिओ म्हणून त्या ॲपवर रिपोर्ट करावा, आणि खाली घाणेरड्या कमेंट असतील किंवा व्हिडिओ पसरला असेल तर सायबर पोलिसांकडे तक्रार करायला तुमच्यासोबत यावं. कलम ९२ तेव्हा काढायचं. रिपोर्ट केल्यावर तो उडाला की तिने तुम्हाला फक्त "उडाला" एवढाच मेसेज करावा.